जुनी एमजीबी घेण्यापूर्वी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली जाहिरात आणि फोटो पाहिले. १९७२ सालची, हिरव्या रंगाची, क्रोम बंपरची उघडी एमजीबी, म्हणजे ती दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, कोणालाही भुरळ पाडील अशीच आहे. ती घेऊ नकोस असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र इंग्लंडात राहून अशी गाडी बाळगायची तर इंजिनापेक्षा पत्र्याची काळजी अधिक करावी लागते, हे बयाणा देण्याआधी समजून घे.

१९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. त्यामुळे १७९८ सीसीच्या त्या साध्या, दणकट इंजिनाचे जवळजवळ सगळे सुटे भाग आजही नवे मिळतात, आणि हातात पाना धरण्याची सवय असलेल्या माणसाला ते खोलून पुन्हा जोडताही येते. पत्र्याचे तसे नाही. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालची भक्कम चौकट, नसल्याने सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावरच येतो, आणि उघड्या गाडीला छताचाही आधार नसल्याने त्यातला मोठा वाटा सिलना, म्हणजे दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्यांना, उचलावा लागतो. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर टाकलेले मीठ नेमके तिथेच जाऊन बसते आणि पत्रा गंजवते. सिल एका पत्र्याचे नसून थरांचे असते, त्यामुळे आतली कुज तशीच ठेवून बाहेरून नवा पत्रा चढवण्याची चलाखी सर्रास चालते.

म्हणून चकचकीत रंगावर जाऊ नकोस. फडक्यात गुंडाळलेले चुंबक सिलवरून फिरव. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी भरली आहे. मग दार लावून त्याच्या मागच्या कडेची फट पाहा. ती खाली रुंद आणि वर निमुळती असेल, तर गाडी मधोमध खचली आहे. शेवटी विक्रेत्याच्या परवानगीने गाडी जॅकवर उचलून तेच दार उघडून पाहा. ते अडकू लागले, तर किंमत कितीही उतरली तरी तिथून निघून ये. १९८८ पासून या गाडीचा कोरा सांगाडाही बाजारात मिळतो हे खरे, पण तो आणून सगळी गाडी नव्याने जोडणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हौसेला मोल नसते म्हणतात; वेल्डिंग करणाऱ्याच्या तासांना मात्र चांगलेच असते.

बाकीचा खर्च त्या मानाने सोसवणारा आहे. चाळीस वर्षांवरील गाडीला अर्ज करून रस्ता-कर माफ होतो, आणि २०१८ पासून, गाडीत मोठे फेरफार केलेले नसतील तर, गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे का हे पाहणारी वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची राहिलेली नाही. तरी ती तू दरवर्षी करून घ्यावीस असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण गाडीखालचे ब्रेकचे पाइप परक्या, तटस्थ डोळ्यांनी पाहिलेले बरे. विमा ठरीव किमतीचा, म्हणजे गाडीची किंमत कंपनीशी आधीच ठरवून, घे. २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, तेव्हा नळ्या बदल आणि इथेनॉल कमी असलेले महागडे सुपर पेट्रोल भर. विजेच्या वायरिंगची इथे पुष्कळ थट्टा होते, पण बहुतेक तक्रारी गंजलेल्या अर्थिंगच्या असतात. कोरड्या गॅरेजचे भाडे मात्र हिशेबात अवश्य धर.

आता सुखाचे सांगतो. वेगाच्या बाबतीत आजची साधी हॅचबॅकही हिला मागे टाकील. पण जमिनीलगत बसून, छत उतरवून, वळणावळणाच्या गावरस्त्यावर ताशी साठ-सत्तर किलोमीटरने जाताना जी मजा येते, ती नव्या गाडीत दुप्पट वेगालाही येत नाही. त्याहून मोठे सुख मला बॉनेट उघडल्यावर मिळते. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या दोन्ही एसयू कार्ब्युरेटरांचे एअर फिल्टर काढायचे, रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे आळीपाळीने दोघांच्या तोंडाशी धरायचे, आणि हवा ओढल्याचा आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवायचे. इंजिनाची धडधड एकसारखी झालेली कानाला कळते, आणि त्यासाठी कोणताही संगणक लागत नाही. ज्याला यात कटकट वाटते त्याने या वाटेला जाऊच नये. दर वेळी मेकॅनिककडे नेण्याची चैन तुझ्या पगाराला झेपणारी नाही.

आणखी एक. १९७४ च्या शरद ऋतूपासून अमेरिकी नियमांपायी या गाडीला काळे रबरी बंपर आले आणि तिची उंचीही वाढवली गेली, म्हणून शौकीन मंडळी त्या गाड्यांना नाके मुरडतात. मला विचारशील तर कुजलेल्या क्रोमपेक्षा धडधाकट रबर केव्हाही घ्यावे. शिवाय त्या स्वस्तही असतात, तेव्हा अशा एक-दोन गाड्याही हेरून ठेव.

शनिवारी मी चुंबक घेऊन तुझ्याबरोबर येतो. आपण पोहोचण्याआधी इंजिन सुरू करून तापवू नका, असे विक्रेत्याला फोन करून कळव. थंड इंजिन पहिल्या झटक्यात कसे उठते आणि धूर कोणत्या रंगाचा निघतो, ते मला पाहायचे आहे.

तुझा,
काका