मॅडम, लेकरू रातभर गेम खेळायलंय

डिसेंबर 2024 मधली गोष्ट. दिवसातली शेवटची वेळ दिलेली. बाई आत आल्या, पण बसल्या नाहीत. हातातल्या पिशवीतून लॅपटॉपचा चार्जर काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "हे तुमच्याकडंच ठिवा मॅडम. घरी कुटंबी ठिवलं तरी हुडकून काढतंय." नवरा दारातच, चपला आत आणाव्यात की बाहेर सोडाव्यात या विचारात. मुलगा बाहेर बाकावर.

लातुरात समुपदेशन करणाऱ्याला हे कुटुंब लांबून ओळखू येतं. बाप गावाकडं, सहा एकर, सोयाबीन आणि तूर. आई ट्युशन भागात खोली करून लेकराला डबा घालत राहिलेली. मुलगा बारावी होऊन नीटचा 'रिपीटर', म्हणजे डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा पुन्हा देणारा. त्या साली सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि या माणसाचा माल चार हजारांच्या आसपास गेला होता, हे मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. मुलाविषयी बोलायला आलेले बाप आधी बाजारभावाविषयी बोलतात. मी अडवत नाही, खरं दुखणं कुठून सुरू होतं ते त्यातून कळतं.

मग आईने विचारलं, "रातभर खेळायलंय. मला जाग येती तवा भितीवर उजेड हालत आसतो. परीक्षेत आधी 520 पडत हुते, आता 410. यसन लागलंय का त्याला? तेवढंच सांगा."

हा प्रश्न माझ्याकडे दर आठवड्याला येतो. म्हणून हा अनुभव लिहिते आहे. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि मुलाच्या वहीतला मजकूर त्याला विचारूनच इथे घेतला आहे.

अशा वेळी मी सगळ्यात आधी बापाला विचारते, खात्यातून पैसे जातात का? रमी, फँटसी टीम, रंग ओळखा, असलं काही? ते असेल तर तो मामला वेगळा, तिथे खेळ नावालाच असतो. (पुढे ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने केला. त्याआधी शेतीचे पैसे त्यात घालवलेली पोरं मी पाहिली आहेत.) इथे तसं काही नव्हतं. तीन गेम विकत घेतले होते, सेलमध्ये, सगळे मिळून हजाराच्या आत.

दुसरी गोष्ट व्यसनाची. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये गेमिंगचा विकार आपल्या आजारांच्या यादीत घातला, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. त्यात तासांचा हिशोब नाही. खेळणं स्वतःच्या ताब्यात राहिलेलं नाही. बाकी सगळ्या गोष्टींच्या आधी खेळ येतो. नुकसान दिसत असूनही खेळ चालूच किंवा वाढलेला. आणि हे साधारण बारा महिने चाललेलं, घर-शिक्षण-माणसं यांची पार वाट लागलेली. असा एक मुलगा माझ्याकडे आला होता. अंघोळ सुटलेली, जेवण सुटलेलं, कॉलेजात पाऊल टाकून वर्ष झालेलं. त्याला मी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, समुपदेशकाच्या खुर्चीतून ते हाताळायचं नसतं. हा मुलगा मात्र रोज सकाळी सातच्या तासाला हजर होता. आईच्या हातचं जेवत होता. बिघाड सुरू होऊन तीन महिने झाले होते. तेव्हा मी आईला सांगितलं, व्यसन म्हणायची घाई नको.

आणि लगेच स्वतःच चूक केली. चार्जर परत देऊन वेळापत्रक बनवून दिलं: रोज एक तास, रात्री नऊ ते दहा. चौथ्या दिवशी ते मोडलं. आईने चार्जर परत आणून दिला. मी त्याच्या तासांवर बोट ठेवत होते, तो खेळतो तरी काय हे अजून विचारलंच नव्हतं. पंधरा-सोळा वर्षं हे काम करूनही.

पुढच्या भेटीत विचारलं. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "तुम्हाला सांगून काय कळणारंय?"

"नाही कळत. शिकव."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी त्याला एक दोनशे पानी वही दिली. म्हटलं, अलीकडे जे जे खेळलास त्याविषयी लिही. कसा वाटला, कुठे अडकलास, बंद केल्यावर डोक्यात काय उरलं. परीक्षेसारखं लिहू नको, मित्राला सांगतोस तसं लिही. तोवर मीही तेच गेम खेळून बघते.

बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, मी तीन वेळा खेळले आणि तिन्ही वेळा दोन मिनिटांत मेले. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उतरतात, खेळाचं वर्तुळ आवळत जातं आणि शेवटी उरेल तो जिंकतो. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. 2021 च्या जुलैत ती भारतापुरत्या या नव्या नावाने परतली. मध्ये पुन्हा गायब झाली आणि 2023 च्या मे मध्ये पुन्हा आली. पोरांनी तिची वाट पावसासारखी पाहिली. मला ती आवडली नाही, छाती धडधडते आणि हाती काही लागत नाही. पण एक गोष्ट मात्र कळली, जी कुठल्याही आईने कळून घ्यावी: हा खेळ मध्येच थांबवता येत नाही. एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो आणि आपण उठलो की आपले तीन साथीदार उघडे पडतात. "ऊठ म्हणलं की 'थांब' म्हणतंय" ही आईची तक्रार होती. ते लेकरू तिला उर्मट उत्तर देत नव्हतं.

त्याच्या वहीत बीजीएमआयवर चारच ओळी होत्या. "मला नीट खेळता येत नाही. गावातले तिघं असतात. एक पुण्यात कंपनीत आहे, एक गावातच, एक हैदराबादला. साडेदहाला सगळे ऑनलाइन येतात. मी मेलो तरी बंद करत नाही, आवाज चालू ठेवतो." ते वाचून मला गावाकडचा पार आठवला. हा खेळ कमी आणि पारावर बसणं जास्त होतं. फोन काढून घेतला असता तर शहरात एकट्या पडलेल्या या पोराचा पारच उठवला असता.

राजी नावाच्या गेमवर एकच ओळ: "चित्रं लई भारी, लवकर संपला, पुण्याच्या कंपनीनं केलाय म्हणजे हे इकडंबी होतं." हा 2020 सालचा, आपल्याकडच्या पुराणकथांवर बेतलेला. मी नंतर खेळले, भिंतीवरच्या चित्रांतून गोष्ट सांगायची त्यांची रीत मलाही आवडली.

खरी पानं भरली होती ती स्टारड्यू व्हॅलीने. आजोबांनी पत्र लिहून ठेवलेलं असतं, नातू शहरातली नोकरी सोडून त्यांच्या पडीक शेतावर जातो, एवढीच गोष्ट. दगड फोडायचे, गवत काढायचं, पेरायचं, पाणी घालायचं. मला त्यातली मासेमारी शेवटपर्यंत जमली नाही. घरात माझी थट्टा झाली. त्याने लिहिलं होतं:

"इथं टीव्ही लावला की उद्याचं हवामान सांगतात आणि ते खरं निघतं. पाऊस आला की पाणी द्यायचं काम नाही. पार्सनिपचं बी 20 ला, चार दिवसांत पीक, विक्री 35 ला. भाव ठरलेला. माल रात्री पेटीत टाकायचा, सकाळी पैसे. आडत नाही, हमाली नाही, काट्यात मारत नाहीत. अण्णानं हे खेळायला पाहिजे. एक महिना म्हणजे 28 दिवस. हंगाम बदलला की उभं पीक एका रात्रीत वाळून जातं, तेवढंच वाईट आहे."

आणि त्याखाली: "हा गेम एका माणसानं बनवलाय. चित्रं, संगीत, सगळं त्याचंच. चार वर्षांच्या वर लागली. तोवर त्याच्या घरचे काय म्हणत असतील?"

हे वाचून मी वही मिटली आणि थोडा वेळ तशीच बसले.

वडील पुढच्या वेळी आले तेव्हा मुलाला विचारून तो शेतीचा परिच्छेद मी मोठ्याने वाचला. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. आडतीपाशी आले तेव्हा मिशीत हसले. मग त्यांनी मुलालाच विचारलं, "सोयाबीन हाय का त्यात?"

"न्हाई. मका हाय, गहू हाय."

"मग सुखी हाय म्हणायचा तो."

या दोघांचं तीन महिन्यांतलं मार्कांशिवायचं हे पहिलं बोलणं, असं आईने नंतर सांगितलं.

पण गाठ सुटली ती वेगळ्याच पानावर. सेलेस्टे नावाचा 2018 चा गेम आहे. एक मुलगी डोंगर चढते, बस. एकेक उडी इतकी अवघड की माणूस शेकड्यांनी मरतो. मेल्यावर मात्र क्षणात परत तिथेच उभा. किती वेळा मेलात ते गेम मोजतो, आणि त्यात एक पोस्टकार्ड येतं: या आकड्याचा अभिमान बाळगा, जितकं मराल तितकं शिकाल. मुलाने लिहिलं होतं, "पहिल्याच भागात 214 वेळा मेलो. कुणी काही म्हणालं नाही." डोंगरात एका ठिकाणी ती मुलगी पाळण्यात बसून दरी ओलांडत असते, पाळणा मध्येच अडकतो आणि ती घाबरून गुदमरते. सोबतचा मुलगा तिला सांगतो, एक पीस डोळ्यांपुढे आण आणि श्वासावर तरंगत ठेव. आपल्याला बटण दाबत-सोडत ते पीस खरोखर तरंगवावं लागतं.

त्या पानाच्या समासात बारीक अक्षरात होतं: "मलाबी झालतं. सप्टेंबरच्या टेस्टला."

सप्टेंबरपासून सराव परीक्षेत त्याचे हात गार पडत होते. कानात आवाज यायचा, ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोल पुसट व्हायचे. पहिल्या खेपेला त्याला वाटलं आपल्याला हार्ट अटॅक येतोय. कुणाला सांगणार? आई त्याच्यासाठी गाव सोडून आलेली, अण्णांनी तूर विकून फी भरलेली. रविवारी परीक्षा व्हायची, आणि रविवार-सोमवारच्या रात्रीच खेळ पहाटेपर्यंत चालायचा. आईला मी तारखा आठवायला सांगितल्या, तर त्या जुळल्या. गुण आधी घसरले होते, जागरण मागून आलं होतं. घरात सगळ्यांनी, आणि पहिल्या भेटीत मीही, हे उलट वाचलं होतं.

रिपीटरला दुसरी संधी वर्षाने मिळते, तीही वीस-बावीस लाख मुलांच्या गर्दीत. त्या पोराने अशी जागा शोधली होती जिथे ती एका क्षणात मिळते. मला त्यात वेडेपणा दिसेना.

त्यानंतरचं काम तसं रुक्ष, म्हणून थोडक्यात. घाबरण्याचा असा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरतो. त्याने जीव जात नाही, हे आधी त्याला पटवलं. हृदयाची तपासणीही करून घेतली, ती व्यवस्थित निघाली. जानेवारीत बातमी आली की नीटमधले पर्यायी प्रश्न बंद, वाढीव 20 मिनिटंही बंद, आता 180 मिनिटांत 180 प्रश्न. त्या आठवड्यात तो पुन्हा हादरला. मी कागदावर लिहिलं: 180 मिनिटं वजा झटक्याची 10, उरली 170. माझ्याच टेबलावर घड्याळ लावून त्याने पेपर सोडवले, आधी अर्धा तास, मग एक, मग पूर्ण. हात गार पडले की पेन खाली, श्वास सावकाश बाहेर, पीस तरंगवायचं. ते त्याला माझ्याआधीच येत होतं.

खेळाचं त्याने स्वतः ठरवलं. साडेदहाला मित्रांबरोबर एकच डाव, आणि आईने "बंद कर" म्हणायचं नाही, "कितवा डाव?" म्हणायचं. स्टारड्यूत रात्री दोन वाजले की शेतकरी जागेवर कोसळतो आणि त्याचे थोडे पैसेही जातात. मी त्याला म्हटलं, त्या माणसालासुद्धा तुझ्यापेक्षा लवकर झोप लागते. तो हसला आणि अकराची वेळ मान्य केली. ती दर आठवड्याला दोनदा तरी मोडली. आईला मी सांगितलं, पाच दिवस पाळली तेवढं मोजा. चार्जर तिने परत नेला. रात्री-बेरात्री तो फारच घाबरला तर म्हणून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर भिंतीवर लावून ठेवायला दिला. मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. एकदा लावल्याचं त्याने सांगितलं.

4 मे ला परीक्षा झाली. फिजिक्सने त्या वर्षी सगळ्यांनाच रडवलं. त्याचे गुण सरकारी एमबीबीएसला पुरणारे नव्हते. बीएएमएसच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या, प्रवेशफेऱ्या बघायच्या की आणखी एक वर्ष, यावर तेव्हा घरात खल चालू होता.

जूनच्या शेवटी अण्णांचा फोन आला. पेरलेलं उगवलं नव्हतं, पावसाने दडी मारली होती. बोलता बोलता म्हणाले, "मॅडम, त्या गेमात दुबार पेरणी आसती का हो? त्याला इचारीन म्हणलं, पण ते झोपलंय."

संध्याकाळी मी मुलाला मेसेज करून विचारलं. त्याचं उत्तर आलं: "आसते की. बी परत इकत घ्यावं लागतं फक्त. अण्णाला सांगतो मी."