पिव्हट टेबलचे फिल्टर : तुमचे प्रश्न

प्रश्न : बंद झालेल्या विभागांच्या नोंदी मूळ डेटातून काढल्या, रिफ्रेशही केलं. तरी एक्सेलच्या पिव्हट टेबलमध्ये (डेटाचा सारांश दाखवणाऱ्या तक्त्यात) फिल्टरच्या यादीत ती नावं दिसतातच. असं का?

उत्तर : ती यादी थेट शीटवरून येत नाही. पिव्हट टेबल डेटाची स्वतःची प्रत, म्हणजे पिव्हट कॅश, बाळगतं आणि त्यात जुनी नावं साठून राहतात. टेबलवर राइट क्लिक करून ‘पिव्हटटेबल ऑप्शन्स’ उघडा. ‘डेटा’ टॅबमध्ये ‘नंबर ऑफ आयटम्स टू रिटेन पर फील्ड’समोर ‘ऑटोमॅटिक’ असेल, तिथे ‘नन’ निवडा आणि ओके करून पुन्हा एकदा रिफ्रेश करा. हे शेवटचं रिफ्रेश राहिलं तर नावं जात नाहीत. नवा रिपोर्ट बनवतानाच हे सेटिंग बदलून टाकावं, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : माझं उलट आहे. नवा ग्राहक डेटात आहे, पण रिपोर्टमध्ये येत नाही.

उत्तर : आधी फिल्टरचा बाण उघडून बघा. रिफ्रेश करूनही नाव यादीतच नसेल तर नव्या ओळी सोर्स रेंजच्या, म्हणजे टेबल जिथून डेटा घेतं त्या भागाच्या, बाहेर राहिल्या आहेत. नाव आहे पण टिक नाही, तर तुम्ही पूर्वी हाताने काही नावं वगळली होती आणि म्हणून नवं नावही बाहेर राहिलं. त्या नावावर टिक करा आणि पुढच्या नव्या नावांसाठी ‘फील्ड सेटिंग्ज’मध्ये ‘इन्क्लूड न्यू आयटम्स इन मॅन्युअल फिल्टर’वर टिक करा.

प्रश्न : यादी ‘कमी, जास्त, मध्यम’ अशी लागते. मला ‘कमी, मध्यम, जास्त’ हवी.

उत्तर : एक्सेलच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’खाली ‘एडिट कस्टम लिस्ट्स’ आहे, तिथे तुमचा क्रम लिहा. मग ते फील्ड (डेटातला तो कॉलम) चढत्या क्रमाने पुन्हा सॉर्ट करा. फील्ड वरच्या रिपोर्ट फिल्टरमध्ये असेल तर ते ‘रोज’ (Rows), म्हणजे ओळींच्या चौकटीत ओढून सॉर्ट करा आणि परत वर न्या.

प्रश्न : प्रत्येक विभागप्रमुखाला फक्त त्याच्या विभागाचे पगार दिसावेत. फिल्टरचा बाण लपवून फाइल पाठवली तर चालेल?

उत्तर : बाण लपवता येतो. व्हीबीएमध्ये (एक्सेलच्या प्रोग्रामिंग भाषेत) त्या फील्डची ‘एनेबलआयटमसिलेक्शन’ प्रॉपर्टी ‘फॉल्स’ केली की झालं. पण पगारांसाठी हे कृपया करू नका. बाण गेला तरी सगळ्या विभागांचा डेटा कॅशमध्ये तसाच असतो, आणि ज्याच्या हातात फाइल आहे तो बाण परत आणू शकतो. मूळ शीट काढून टाकली तरी कॅश फाइलबरोबरच जाते. प्रत्येक विभागाच्या नोंदी वेगळ्या काढून त्यावरच नवं पिव्हट टेबल बनवा आणि ती वेगळी फाइल पाठवा. नुसते आकडे हवे असतील तर कोऱ्या फाइलमध्ये ‘पेस्ट व्हॅल्यूज’ केलेलं पुरेल.