गुन्हा दाखल झाला, आता पुढे काय? वाचकांचे प्रश्न आणि वकिलांची उत्तरं

प्रश्न: वकील साहेब, बांधावरून चुलत्यांशी वाद झाला आणि दोन्हीकडून मारामारी झाली. ते आधी स्टेशनला गेले आणि फिर्याद दिली, माझ्यावर आणि भावावर बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५) लावलंय. काल हवालदारांचा फोन आला, व्हॉट्सअॅपवर नोटीस टाकलीये, उद्या दोघं या. गेलो तर आत टाकतील का? भाऊ म्हणतो थोडे दिवस पाहुण्यांकडे जाऊन राहू.

उत्तर: पाहुण्यांकडे अजिबात जाऊ नका, हे पहिलं सांगतो. पळालात की पोलिसांच्या हातात अटकेचं कारण तुम्हीच देता आणि पुढे जामिनाच्या वेळी सरकारी वकील तेच बोट दाखवून सांगतात, आरोपी मिळून येत नव्हता.

आता कलमं बघू. यातलं जड कलम ११८(१) आहे, म्हणजे हत्यार किंवा तसलं धोकादायक साधन वापरून दुखापत, त्यात ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ते अजामीनपात्र आहे. अजामीनपात्र म्हटलं की लोकांना वाटतं जामीन मिळतच नाही, तसं नाहीये, जामीन मिळतो पण तो पोलीस स्टेशनमध्ये हक्क म्हणून मागता येत नाही, कोर्टाकडे जावं लागतं. ज्या गुन्ह्यात ७ वर्षांपर्यंतच शिक्षा आहे त्यात सरसकट अटक करायची नाही, अटक का गरजेची आहे ते पोलिसांनी लिहून ठेवायचं, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलंय. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले तरी हा नियम आहेच, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये. तुम्हाला आलेली नोटीस बहुतेक ३५(३) चीच असणार. ती पाळून हजर राहिलात तर साधारणपणे अटक होत नाही, करायची झाली तर कारण नोंदवावं लागतं.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस म्हणजे रीतसर बजावणी नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. पण तेवढ्यावरून भांडत बसू नका, माझं मत विचाराल तर वकिलाला घेऊन जा, नोटीस हातात घ्या, तिची प्रत ठेवा आणि हजर राहिल्याची लेखी नोंद करून घ्या. तरीही अटकेची धास्ती खरी वाटत असेल तर जायच्या आधीच सेशन कोर्टात बीएनएसएस कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाका.

आत गेल्यावर नाव पत्ता खरा सांगा, पण स्वतःला गुन्ह्यात अडकवणारं उत्तर द्यायची सक्ती तुमच्यावर नाही, घटनेच्या अनुच्छेद २०(३) ने दिलेला हक्क आहे हा. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर तुमची सही लागत नाही, कोऱ्या कागदावर तर मुळीच करू नका. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही, मात्र कोठडीत असताना तुम्ही सांगितल्यावरून काठी कुऱ्हाड सापडली तर तेवढा भाग पुराव्यात येतो, म्हणून "सांगून टाक, काही होत नाही" या बोलण्याला भुलू नका.

आणि तुम्हालाही लागलं असेल तर आजच सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या आणि तुमची फिर्याद द्या. घेतली नाही तर एसपींना लेखी पाठवा, तिथेही दखल नाही घेतली तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. समोरच्यांच्या एफआयआरची प्रत पोलिसांच्या वेबसाईटवर बघा, संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर अपलोड करायचे असा २०१६ चा आदेश आहे.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना रात्री घरातून घेऊन गेले, कुठल्या गुन्ह्यात तेही धड सांगितलं नाही. आम्ही काय मागू शकतो? मलाही बोलावतील का?

उत्तर: ताई, घाबरून नुसतं बाहेर बसून राहू नका. अटक केलीये की फक्त चौकशीला नेलंय हे आधी विचारा. अटक असेल तर अटक पंचनामा झाला पाहिजे, त्यावर वेळ आणि साक्षीदाराची सही पाहिजे, आणि अटक झाल्याचं घरच्यांना किंवा ते सांगतील त्या माणसाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत द्यायची असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय, ती प्रत नक्की मागा कारण ती दिली नसेल तर अटकच बेकायदा ठरू शकते. चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटता येतं, सगळा वेळ शेजारी बसवता येत नाही एवढंच.

अटकेपासून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. मारहाण झाली असेल तर ती तिथेच, त्याच वेळी सांगायची. खूप जण तिथे मान खाली घालून गप्प राहतात आणि मग नंतर सांगितलेलं कोणी धरत नाही, म्हणून मिस्टरांना कसंही करून हा निरोप पोचवा. मॅजिस्ट्रेट पीसीआर देतात म्हणजे पोलीस कोठडी किंवा एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, एमसीआर झाली की रेग्युलर जामिनाचा अर्ज लगेच टाकता येतो. आणखी एक तारीख लिहून ठेवा. पहिल्या रिमांडपासून ६० दिवसांत चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र आलं नाही (फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं आणि वरच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत) तर जामीन हा हक्क होतो, पण अर्ज चार्जशीट यायच्या आत करावा लागतो, एक दिवस चुकला तरी हातचं जातं.

तुमच्याबद्दल, साक्षीदार म्हणून बाईला स्टेशनला बोलावता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा. आणि सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापर्यंत बाईला अटक करायची नाही, अगदी अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते.

प्रश्न: चार्जशीट गेली, समन्स आलं. कोर्टात नक्की काय काय होतं? सगळे म्हणतात कबूल कर, दंड भरून मोकळा हो.

उत्तर: या "मोकळा हो" मुळे खूप पोरांचं नुकसान झालेलं आहे. गुन्हा कबूल केला म्हणजे दोषी ठरलात, दंड किती का असेना, ती नोंद पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत उभी राहते. कबूल करायचं तर काय कबूल करतोय ते वकिलाकडून नीट समजून घेऊन, तारखांचा कंटाळा आला म्हणून नाही.

पहिल्या तारखेला वकीलपत्र आणि जामीन होतो, चार्जशीटची प्रत फुकट मिळते, ती हजर झाल्यापासून १४ दिवसांत द्यायची असते. ती घरी नेऊन स्वतः वाचा. वकिलापेक्षा घटना तुम्हाला जास्त माहिती आहे, पंचनाम्यात जागा कुठली लिहिलीये, जखमेच्या सर्टिफिकेटवर वेळ काय आहे, साक्षीदार त्या दिवशी गावात होता का, हे तुम्हालाच दिसणार. चार्जशीटमध्ये दमच नसेल तर दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालवण्याआधीच सोडा असा, अर्ज करता येतो, प्रत मिळाल्यापासून ६० दिवसांत. नाहीतर चार्ज फ्रेम होतो, जज आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात कबूल आहे का.

नाकबूल म्हटलं की पुरावा सुरू, फिर्यादी, जखमी, पंच, डॉक्टर, तपासी अंमलदार एकेक करून येतात, सरकारी वकील सरतपास घेतात आणि तुमचे वकील उलटतपास. केस खरी इथे जिंकली हरली जाते. मग बीएनएसएस कलम ३५१ खाली जज तुम्हाला पुराव्याबद्दल प्रश्न विचारतात (जुन्या सीआरपीसीचं ३१३), शपथ नसते, पण प्रत्येकाला नुसतं "खोटं आहे" म्हणण्यापेक्षा तुमची बाजू असेल तर तिथे मांडा. नंतर तुमचे साक्षीदार, युक्तिवाद, निकाल. गुन्हा सिद्ध करायचं काम सरकार पक्षाचं असतं. निकाल विरोधात गेला तर मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन कोर्टात ३० दिवसांत अपील. मधल्या काळात तडजोड झाली तर काही कलमं खालच्या कोर्टातच मिटतात, बाकीसाठी हायकोर्टात जावं लागतं.

प्रश्न: वकील लावायला पैसे नाहीत.

उत्तर: तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, १५१०० ला फोन केला तरी माहिती मिळते. महिला, लहान मुलं, एससी एसटी आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्या बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फुकटचा वकील लक्ष देत नाही असं सरसकट बोललं जातं ते मला पटत नाही, चांगलं काम करणारे आहेत, आणि खरंच लक्ष देत नसेल तर बदलून मागायचा अर्ज करता येतो.

प्रश्न: आजारी होतो म्हणून दोन तारखा चुकल्या, आता नॉन बेलेबल वॉरंट निघालंय. पोलीस घरी यायची वाट बघू का?

उत्तर: नाही, उद्याच जा. स्वतःहून कोर्टात हजर होऊन वॉरंट रद्दचा अर्ज द्या, सोबत दवाखान्याचे कागद जोडा. स्वतः आलेल्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेने बघतं, बऱ्याचदा थोडा दंड किंवा नवीन जामीन घेऊन वॉरंट रद्द होतं, पोलिसांनी पकडून आणल्यावर मात्र आत जायची वेळ येऊ शकते. जामिनावर असताना हजर न राहणं हा वेगळा गुन्हासुद्धा आहे. यापुढे आजारी पडलात तर त्याच सकाळी वकिलाकडून गैरहजेरी माफीचा अर्ज द्यायला लावा, आणि पुढची तारीख ई-कोर्टच्या अॅपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा असतो तो) टाकून स्वतः तपासत जा, जामीनदारालाही कळवत जा, कारण तुम्ही गायब झालात तर पैसे त्याच्याकडून वसूल होतात.