‘कुनोस’ आणि ‘शुनः’

प्रश्न असा आहे: ग्रीकमध्ये कुत्र्याला ‘कुओन’ म्हणतात, मग ‘कुनोसूरा’सारख्या शब्दात ‘कुनोस’ कुठून आलं? प्राण्याचं नाव दोन प्रकारचं आहे का?

नाव एकच, विभक्ती वेगळी. ‘कुओन’ ही प्रथमा, ‘कुनोस’ ही षष्ठी, म्हणजे ‘कुत्र्याचा’. मराठीतही ‘कुत्रा’ला ‘चा’ थेट लागत नाही, आधी ‘कुत्र्या’ हे सामान्यरूप होतं. पण ग्रीकचं खरं सख्खं नातं संस्कृतशी. ‘श्वन्’ शब्द चालवून पाहा: प्रथमा ‘श्वा’, षष्ठी ‘शुनः’. ग्रीक ‘क’च्या जागी संस्कृतात ‘श’ येतो (‘देका’ म्हणजे दश), आणि ‘-ओस’ म्हणजे आपला ‘-अस्’, ज्याचा विसर्ग होतो. ‘कुनोस’ आणि ‘शुनः’ हे एकाच मूळ रूपाचे दोन उच्चार आहेत. संबोधनही तसंच: तिकडे ‘कुओन’, इकडे ‘श्वन्’. बैलाचंही तेच, द्वितीयेत आपलं ‘गाम्’ आणि होमरच्या इलियडमध्ये एके ठिकाणी ‘बोन’.

आता समासाकडे. समासात सहसा विभक्तिप्रत्यय गळतो: ग्रीक ‘कुनेगोस’ (कुत्र्यांना नेणारा, म्हणजे शिकारी), संस्कृत ‘श्वपच’ (कुत्रा शिजवणारा). ‘कुनोसूरा’त मात्र षष्ठी टिकली आहे: कुनोस + ऊरा, कुत्र्याचं शेपूट. ग्रीकांनी हे नाव आपण ज्याला ध्रुवमत्स्य म्हणतो त्या, ध्रुवतारा असलेल्या तारकासमूहाला दिलं होतं.

मला या शब्दानं थेट ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात नेऊन सोडलं. तिथे अजीगर्ताला तीन मुलगे: शुनःपुच्छ, शुनःशेप, शुनोलाङ्गूल. मधल्याला बापानं शंभर गाईंच्या बदल्यात यज्ञात बळी देण्यासाठी विकलं, ती गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. पण नावं नीट पाहा. तिन्हींचा अर्थ कुत्र्याचं शेपूट, आणि तिन्हींत षष्ठी जशीच्या तशी. शाळेत ‘युधिष्ठिर’, ‘तोंडीलावणे’ ही उदाहरणं देऊन शिकवतात तो अलुक् समास (ज्यात विभक्तिप्रत्यय गळत नाही) हाच. ‘षष्ठ्या आक्रोशे’ या पाणिनीय सूत्रावरच्या वार्तिकात (सूत्राला जोडलेल्या पुरवणी-नियमात) तर शेप, पुच्छ, लाङ्गूल हे तीन शब्द पुढे असताना ‘शुनः’ तसंच राहतं, असं मुद्दाम सांगितलं आहे.

म्हणून ‘शुनःपुच्छ’ आणि ‘कुनोसूरा’ हा एकच वडिलोपार्जित शब्द आहे, असं मात्र मी म्हणणार नाही; ‘ऊरा’ आणि ‘पुच्छ’ हे वेगळे शब्द आहेत. वारशानं आली ती षष्ठी. तिला शेपूट दोघांनी आपापल्या घरचं जोडलं.