सर्व्हेचे फॉर्म भरून झाले. आता सॉफ्टवेअर कुठलं?

प्रश्न : आमच्या मच्छीमार सोसायटीने किनाऱ्यावरच्या ४० गावांतून चिठ्ठ्या टाकून १० गावं काढली आणि प्रत्येक गावात ३० घरांचे कागदी फॉर्म भरले. जाळ्याचा प्रकार, डिझेलचा खर्च, पावसाळी बंदीतलं उत्पन्न असे ४२ प्रश्न आहेत. कुणी एसपीएसएस हे आकडेवारीचं विकतचं सॉफ्टवेअर घ्या म्हणतं, कुणी आर ही आकडेवारीची फुकटची संगणकभाषा शिका म्हणतं. लॅपटॉप एकच, पैसे नाहीत. काय करावं? (एक वाचक, हर्णै)

उत्तर : एसपीएसएससाठी पैसे घालू नका. फॉर्ममधली उत्तरं संगणकात भरायला आणि टक्केवारी काढायला एक्सेलसारखं, पण फुकटचं लिब्रेऑफिस कॅल्क पुरेसं आहे. एक घर म्हणजे एक ओळ, पहिल्या दोन रकान्यांत फॉर्म क्रमांक आणि गावाचा कोड. जाळ्यांची नावं टाइप करू नका. एक जण ‘रापण’ लिहील, दुसरा ‘रांपण’, आणि पिव्होट टेबलात, म्हणजे मोजणीच्या तक्त्यात, ती दोन वेगळी जाळी दिसतील. १ रापण, २ डोल, ३ ट्रॉल असे कोड ठरवा आणि ‘व्हॅलिडिटी’ लावून दुसरा आकडा घेऊच देऊ नका. अंक इंग्रजीच हवेत. देवनागरी अंकांना बरीच सॉफ्टवेअर मजकूर समजतात. उत्तर मिळालं नसेल तर जागा रिकामी सोडा. तिथे ९९ घातलात आणि विसरलात, तर २८५ जणांचं सरासरी वय ४५ असताना उरलेले १५ ‘९९’ ती सरासरी ४७.७ वर नेतात. ज्याच्याकडे होडीच नाही त्याचा डिझेल खर्च शून्य लिहू नका. त्याला तो प्रश्न लागूच नाही.

खरी अडचण पुढे आहे, आणि सॉफ्टवेअर तिच्यावरून ठरवायचं. समजा, ६०० घरांच्या गावातून ३० आणि ६० घरांच्या गावातूनही ३०च घरं घेतलीत. पहिल्या गावातलं प्रत्येक घर २० घरांच्या वतीने बोलतं, दुसऱ्यातलं दोनच. ४० पैकी १० गावं घेतल्यामुळे दोन्ही आकड्यांना ४ने गुणा : वजन ८० आणि ८. हे वजन न लावता काढलेली टक्केवारी लहान गावांकडे झुकते.

शिवाय एकाच बंदरावरची घरं एकमेकांसारखी असतात. हा सारखेपणा थोडाच (शून्य ते एक या मापावर ०.०५) धरला तरी १ + २९ × ०.०५ = २.४५ (२९ म्हणजे गावातली ३० घरं वजा एक). ३००ला २.४५ने भागा, म्हणजे तुमची ३०० घरं सुट्या निवडलेल्या सुमारे १२२ घरांइतकीच माहिती देतात. एसपीएसएसच्या मूळ पॅकेजमधलं ‘वेट केसेस’ हे जाणत नाही. वजन ८० म्हणजे तितकी घरं खरोखर भेटली असं ते धरतं आणि चुकीची शक्यता फारच कमी दाखवतं. एसपीएसएससारख्याच, पण फुकटच्या पीएसपीपीतही तेच होतं.

म्हणून शेवटच्या टप्प्याला आर आणि त्यातलं ‘सर्व्हे’ पॅकेज वापरा. कॅल्कमधली शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) करून आणा, गावाचा कोड ‘आयडीज’ (चिठ्ठीने निवडलेले गट) मध्ये आणि वजन ‘वेट्स’मध्ये द्या. नेट फक्त उतरवून घेताना लागतं. एक मात्र तपासा : चिठ्ठ्या न टाकता तुम्हाला हव्या असलेल्या सगळ्याच दहा गावांत गेला असतात, तर गाव ‘आयडीज’मध्ये नाही, ‘स्ट्राटा’ (सगळेच घेतलेले गट) मध्ये गेलं असतं. ही अदलाबदल झाली तरी आर तक्रार करत नाही, उत्तर मात्र बदलतं.

प्रश्न : आंबा बागायतदारांचा सर्व्हे गूगल फॉर्मवर घेतला. ‘कोणत्या किडी आल्या?’ याची सगळी उत्तरं एकाच चौकटीत आली आहेत, आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. (एक वाचक, देवगड)

उत्तर : फाइलवर डबल क्लिक करू नका. एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि ‘६५००१ यूटीएफ-८’ निवडा. मग तुडतुडे, फुलकिडे, फळमाशी यांना स्वतंत्र रकाना देऊन १ किंवा ० भरा. टक्केवारी काढताना भागायचं ते बागायतदारांच्या संख्येने, टिक केलेल्या खुणांच्या नव्हे. बेरीज शंभराच्या वर गेली तर ती चूक नाही. पर्यायाच्या मजकुरातच स्वल्पविराम असेल तर चौकट तोडताना एका पर्यायाचे दोन होतात, तेवढं आधी बघून घ्या.