लोअरचे राजवाडे नंतर पाहा, आधी मोंबारला उतरा

तुमचा प्रश्न असा आहे की, जूनमध्ये कामानिमित्त पॅरिसला जायचे आहे, काम आटोपल्यावर चार दिवस मोकळे आहेत, पुण्यात दर रविवारी सिंहगडाचा घाट सायकलने चढण्याची सवय आहे, आणि रोड सायकलवरून फ्रान्सचा ग्रामीण भाग व तिथल्या जुन्या वास्तू पाहण्याची इच्छा आहे. जो तो लोअर नदीकाठचे राजवाडे सुचवतो, तर तिकडेच जावे का?

माझ्या मते, या खेपेस तरी जाऊ नये. लोअरकाठचा सायकलमार्ग सुंदर आहे यात शंका नाही, परंतु तो सामान लादून सावकाश जाणाऱ्या प्रवाशांसाठी आखलेला आहे. त्याचा बराचसा भाग सपाट आहे, काही ठिकाणी डांबराऐवजी दाबलेली खडी आहे, आणि एकेक राजवाडा पाहायला अर्धा दिवस सहज जातो. घाट चढणाऱ्या माणसाला तिथे दुसऱ्याच दिवशी चुकल्याचुकल्यासारखे वाटू लागेल. त्याऐवजी उत्तर बर्गंडीतील मोंबार ते वेझले हा पट्टा निवडावा, असा माझा आग्रह आहे. या भागात मठ दरीत का आहे, गाव टेकडीवर का आहे आणि कालवा नेमका इथूनच का गेला, हे जमिनीच्या चढउतारांनी ठरवलेले आहे, आणि ते मोटारीच्या खिडकीतून कळत नाही, पायांना कळते. शिवाय एका महत्त्वाच्या स्थळापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर बहुधा तासा-दीड तासात कापता येते.

पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकावरून वेगवान टीजीव्ही मोंबारला साधारण तासाभरात पोहोचते, मात्र त्या गाडीत सायकल बहुतेक वेळा सुटी करून पिशवीत भरावी लागते. बेर्सी स्थानकावरून सुटणारी प्रादेशिक टीईआर गाडी बराच जास्त वेळ घेते, पण तिच्यात सायकल अखंड नेता येते. भाड्याची सायकल पॅरिसमध्येच घेणार असाल, तर दुसरा पर्याय सोयीचा. मोंबार हे निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांचे जन्मगाव (१७०७). त्यांनी १७६८ च्या सुमारास जवळच्याच ब्यूफाँ गावात उभारलेला लोखंडाचा कारखाना आजही पाहता येतो. वेळ कमी असेल तर तो वगळला तरी चालेल.

वगळू नये तो फाँतनेचा मठ. मोंबारपासून तो जेमतेम सहा किलोमीटरवर, एका गर्द झाडीच्या दरीत आहे. क्लेर्व्होच्या संत बर्नार्ड यांनी १११८ मध्ये त्याची स्थापना केली आणि ११४७ मध्ये पोप युजीन तिसरे यांच्या हस्ते तिथल्या चर्चचा अभिषेक झाला. बर्नार्ड ज्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचे होते, त्याचा दंडक असा होता की, मठ वस्तीपासून दूर असावा, संन्याशांनी स्वतःच्या कष्टांवर जगावे आणि वास्तूत डोळ्यांना भुलवणारे काही नसावे. त्यामुळे या चर्चला उंच मनोरा नाही, रंगीत काचा नाहीत. आहे तो केवळ दगड आणि प्रकाश. मात्र एकांत म्हणजे आळस नव्हे. आवाराच्या एका टोकाला संन्याशांची प्रचंड लोहारशाळा आहे. जवळच्या टेकडीतून लोहखनिज काढायचे, ओढ्याचे पाणी वळवून त्यावर चाक फिरवायचे आणि त्या चाकाच्या जोरावर घण चालवायचा, अशी तिची रचना होती. दरीत शिरताना रस्त्याशेजारून वाहणारे पाणी सतत दिसत राहते, आणि मठासाठी हीच जागा का निवडली गेली, हे तिकीट काढण्याआधीच उमगते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठ विकला गेला आणि तिथे कागदाची गिरणी चालू लागली. १९०६ मध्ये एदुआर एनार या लियाँच्या बँकमालकाने तो विकत घेऊन मूळ रूपात आणला. १९८१ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

फाँतनेहून आग्नेयेस निघालात की वाटेत ब्युसी-राब्युताँ हा वाडा लागतो. दरबारातील भानगडी लिहून काढल्याबद्दल चौदाव्या लुईने रोजे द राब्युताँ या सरदाराला आधी बास्तिय तुरुंगात टाकले आणि मग त्याच्या जहागिरीत धाडून दिले. तिथे बसून त्याने भिंतींवर दरबारी स्त्रीपुरुषांची चित्रे लावून घेतली आणि काहींच्या खाली बोचरे शेरे लिहिवले. राजाचा रोष ओढवून घेतलेल्या माणसाने घराच्या भिंतींवर असा सूड उगवावा, हे मला फार मानवी वाटते.

यानंतर येते आलेझिया, आणि येथे मात्र घाई करू नये. इसवी सनापूर्वी ५२ मध्ये रोमन सेनापती ज्युलियस सीझरने गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्समधील तेव्हाच्या टोळ्यांचा नेता व्हर्सिंजेटोरिक्स याला या टेकडीवर कोंडले. टेकडीचे नाव माँ ओस्वा, समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ४०० मीटर, दोन बाजूंनी ओझ आणि ओझराँ या नद्या, समोर सपाट मैदान आणि सभोवती जवळपास तेवढ्याच उंचीच्या इतर टेकड्या. माथा सपाट आणि कडा उभ्या असल्याने हल्ला करून ते ठिकाण घेणे शक्य नव्हते, म्हणून सीझरने वेढा घातला. त्याने स्वतः लिहून ठेवले आहे की, आतल्या बाजूचा तट अकरा रोमन मैल, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटर होता, आणि कुमक घेऊन येणाऱ्या गॉल फौजेला थोपवण्यासाठी बाहेरच्या बाजूने चौदा मैलांचा दुसरा तट बांधला होता. म्हणजे वेढा घालणारे स्वतःही वेढ्यात होते. सैन्याचे जे आकडे सीझर देतो, ते इतिहासकार हातचे राखूनच स्वीकारतात. पण भूगोलात त्याला लबाडी करता आलेली नाही. अलीझ-सँत-रेन गावातून माथ्यावर जाण्यापूर्वी टेकडीला सायकलवर पूर्ण वळसा घाला. रस्ता नदीच्या पातळीवर उतरतो, पुन्हा चढतो, आणि प्रत्येक चढावर लक्षात येते की, रोमन छावण्या ब्युसी आणि फ्लाविन्यी येथील टेकड्यांवर का होत्या. पायथ्याशी असलेले संग्रहालय २०१२ मध्ये उघडले असून तिथे तटबंदीचा एक भाग पुन्हा उभारून दाखवलेला आहे.

माथ्यावर व्हर्सिंजेटोरिक्सचा सुमारे सात मीटर उंचीचा पुतळा आहे. नेपोलियन तिसरा याने १८६० च्या दशकात येथे उत्खनन करवले आणि १८६५ मध्ये हा पुतळा बसवला. पुतळ्याचा चेहरा खुद्द त्या सम्राटासारखा आहे असे म्हणतात, आणि पाहिल्यावर ते खोटे वाटत नाही. शरण गेलेल्या त्या सेनानीला रोममध्ये सहा वर्षे कैदेत ठेवून सीझरच्या विजययात्रेनंतर ठार मारण्यात आले, ही गोष्ट त्या भव्य पुतळ्यासमोर उभे राहून आठवावी लागते.

शेजारच्या टेकडीवरील फ्लाविन्यी गावात जुन्या मठाच्या इमारतीत बडीशेपेच्या कुळातील ॲनिसच्या दाण्यावर साखरेचे थर चढवून गोळ्या बनवतात. जर्सीच्या खिशात एक डबी ठेवावी, चढावर कामी येते. मुक्काम सम्यूर-आन-ओस्वा येथे करावा. इथे चुनखडीचा प्रदेश संपून गुलाबी ग्रॅनाइट सुरू होतो, आर्मांसाँ नदी त्या खडकाला वळसा घालते, आणि चार दणकट बुरूज त्या वळणावर पहारा देत उभे आहेत. त्यांपैकी एकाला वरपासून खालपर्यंत भेग गेलेली आहे. चौथ्या हेन्रीच्या काळात तटबंदी पाडली गेली, तेव्हाची ती खूण.

दुसऱ्या दिवशी सम्यूरहून एप्वासमार्गे आव्हालाँ गाठावे. एप्वासचे चीज मीठपाण्याने आणि द्राक्षाच्या मद्याने धुऊन मुरवलेले असते, आणि त्याचा वास सोसवला तर चव उत्तम लागते. आव्हालाँहून मोठ्या रस्त्याने न जाता कूझँ नदीच्या दरीतून पोंतोबेरपर्यंत जावे. जुन्या पाणचक्क्या, सावली आणि अगदी तुरळक वाहने असा तो तुकडा संपूर्ण प्रवासात मला सर्वांत आवडतो.

पोंतोबेर सोडल्यावर काही वेळाने दूरवर वेझलेची टेकडी दिसू लागते. नवव्या शतकात मठ प्रथम खाली, आजच्या साँ-पेर गावाच्या जागी स्थापन झाला होता. उत्तरेकडून आलेल्या दर्यावर्दी लुटारूंनी तो उद्ध्वस्त केल्यावर तो वर हलवण्यात आला. साँ-पेरपासूनचा चढ सुमारे दोन किलोमीटरचा आहे, सिंहगडाची सवय असलेल्या माणसाला त्यात भीती वाटण्यासारखे काही नाही. मात्र शेवटची मुख्य गल्ली उभी आहे आणि क्लीट असलेले बूट दगडी फरसबंदीवर घसरतात, म्हणून तिथे उतरून चालावे.

३१ मार्च ११४६ रोजी संत बर्नार्ड यांनी येथेच, राजा सातवा लुई समोर असताना, दुसऱ्या धर्मयुद्धाची (क्रुसेडची) हाक दिली. जमाव चर्चमध्ये मावेना, म्हणून सभा उत्तरेच्या उतारावर उघड्यावर झाली. ज्यांनी फाँतनेच्या नीरव दरीत मठ वसवला, तेच संत तीन दशकांनी या टेकडीवरून हजारो माणसांना युद्धावर धाडतात, हा विरोधाभास दोन्ही जागा लागोपाठ पाहिल्याने मनावर जसा ठसतो तसा वाचून ठसत नाही. ते धर्मयुद्ध फसले. पुढे ११९० मध्ये तिसऱ्या धर्मयुद्धावर निघण्यापूर्वी इंग्लंडचा रिचर्ड आणि फ्रान्सचा फिलिप ओग्युस्त हेही येथेच एकत्र आले.

सेंट मेरी मॅग्डालीनचे हे चर्च एकोणिसाव्या शतकात कोसळण्याच्या बेतात होते. ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक असलेले लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांच्या पुढाकाराने १८४० मध्ये ते काम व्हियोले-ल-द्युक या अवघ्या सव्वीस वर्षांच्या वास्तुविशारदाकडे सोपवले गेले. तुमची तारीख २१ जूनच्या आसपासची असेल, तर एक गोष्ट अवश्य साधा. त्या दिवसांत भर माध्यान्ही दक्षिणेच्या खिडक्यांतून येणारे उन्हाचे कवडसे चर्चच्या मधोमध एका रेषेत, दारापासून वेदीच्या दिशेने पडतात. ही माध्यान्ह सूर्याची आहे. उन्हाळी वेळेमुळे घड्याळात तेव्हा पावणेदोनच्या सुमाराची वेळ झालेली असते. बारा वाजता पोहोचून काही दिसले नाही म्हणून परत फिरणारे लोक असतात.

भारतीय वाचकासाठी वेझलेत आणखी एक घर आहे. महात्मा गांधी, रामकृष्ण परमहंस आणि विवेकानंद यांची चरित्रे लिहून त्यांना युरोपसमोर नेणारे रोमाँ रोलाँ हे जवळच्या क्लाम्सी गावात १८६६ मध्ये जन्मले आणि १९३८ पासून वेझलेत राहिले. डिसेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेहून परतताना, गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांच्या घरी उतरले होते. वेझलेच्या घरातच ३० डिसेंबर १९४४ रोजी रोलाँ यांचे निधन झाले. आज त्या घरात आधुनिक कलेचे झेर्वोस संग्रहालय आहे.

तिसरा दिवस वेझलेतच तळ ठेवून मोकळ्या सायकलने मोर्वाँच्या टेकड्यांत काढावा. बाझोश येथे किल्लेबांधणीचा महान अभियंता वोबाँ याचा वाडा आहे, आणि त्याची कबर गावच्या चर्चमध्ये आहे. हृदय मात्र पहिल्या नेपोलियनच्या आज्ञेने पॅरिसच्या अँव्हालीद या वास्तूत नेऊन ठेवले आहे. चौथ्या दिवशी आर्सी-स्युर-क्यूरची गुहा (तिथली हजारो वर्षांपूर्वीची भित्तिचित्रे १९९० मध्ये उजेडात आली), लाकडी चौकटींच्या घरांचे न्वायेर गाव, आणि तिथून आर्मांसाँ खोऱ्यात उतरून बर्गंडी कालव्याच्या काठाने मोंबार. २४२ किलोमीटरचा आणि १८९ जलद्वारांचा हा कालवा १८३२ मध्ये पूर्ण झाला. काठाच्या वाटेचा पृष्ठभाग जागोजागी बदलतो, म्हणून किमान २८ मिलिमीटरचे टायर असावेत. खडी आली की समांतर रस्त्यावर यावे.

रस्त्यांविषयी थोडे. नकाशावर ‘डी’ अक्षराने दाखवलेल्या रस्त्यांपैकी जितका लहान तितका चांगला. वस्तीबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना दीड मीटर अंतर राखणे मोटारचालकांवर बंधनकारक आहे आणि माझ्या अनुभवात बहुतेक जण ते पाळतात. धोका वेगळाच आहे: उजवीकडील क्षुल्लक गल्लीतून येणाऱ्या वाहनालाही, फलकावर वेगळे सांगितले नसेल तर, पहिला हक्क असतो, आणि तो हक्क ते वाहन न थांबता बजावते. उन्हाळ्यात दुरुस्तीनंतर पसरलेली बारीक सुटी खडी उतारावर घात करते. ‘ग्राव्हियाँ’ असा फलक दिसताच वेग कमी करावा. रात्री किंवा धुक्यात वस्तीबाहेर परावर्तक जाकीट घालणे कायद्याने सक्तीचे आहे.

पाण्याची चिंता करू नये. जवळजवळ प्रत्येक गावाच्या दफनभूमीत नळ असतो आणि तिथले सायकलस्वार बाटल्या तिथेच भरतात. फक्त ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, ते पाहावे. जेवणाचे मात्र वेळापत्रक पाळावे लागते. दुपारी बारा ते दोन या वेळेत खानावळ गाठली नाही, तर संध्याकाळपर्यंत शिजवलेले अन्न मिळणे कठीण असते. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी लहान गावांतील दुकाने व बेकऱ्या बहुधा बंद असतात, म्हणून तुमच्या चार दिवसांत रविवार आणि सोमवार येत असतील तर ते दोन दिवस सम्यूर किंवा आव्हालाँ यांसारख्या मोठ्या गावांच्या जवळपास पडतील अशी आखणी करा.