आई-बाबांना घेऊन इंग्लंडमधल्या जुन्या बाजारगावात दोन दिवस निवांत राहायचंय, कुठे जावं?

लडलोला जा, डोळे झाकून. श्रॉपशरमधलं हे गाव श्रूसबरी-हेरफर्ड रेल्वेमार्गावर आहे, स्टेशनपासून बाजारचौक पायी दहाएक मिनिटांवर. पण चढ आहे, त्यामुळे मुक्काम शक्यतो वर चौकाजवळच बघा.

बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार भरतो; यातला एखादा दिवस गाठा, नाहीतर गावाचा जीवच चुकेल. किल्ला चौकाला लागूनच. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर १५०२ मध्ये इथेच वारला, म्हणून तर हेन्री गादीवर आला.

सेंट लॉरेन्स चर्चमध्ये मात्र घाई करू नका. आतल्या लाकडी बाकांच्या उचलत्या फळ्यांखाली मध्ययुगीन कोरीवकाम आहे. एकीवर, कमी माप देणाऱ्या दारूवालीला सैतान खांद्यावर टाकून नरकात नेतोय आणि तिच्या हातात ते खोटं माप अजून तसंच! बाबांना हे नक्की दाखवा.

संध्याकाळी डिनहॅम पुलाजवळ टेम नदीकाठी बसा. पाय साथ देत असतील तर पलीकडे व्हिटक्लिफवर चढा, तिथून किल्ला आणि अख्खं गाव समोर दिसतं. एवढंच ठेवा, आणखी ठिकाणं त्यात कोंबू नका.